चावी खरी, तरी गाडी ठप्प

गाडी चालू न होण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच होती. बॅटरी उतरली, स्टार्टर अडकला, पेट्रोल पोचलं नाही, ठिणगी पडली नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांत एका कारणाची भर पडली आणि ते जरा अपमानास्पद आहे. गाडी धडधाकट असते, टाकी भरलेली असते, सेल्फही फिरतो, पण समोर बसलेला माणूस मालक आहे हेच गाडीला पटत नाही. चोराला अडवायला बसवलेला इमोबिलायझर मालकालाच अडवतो. जुनी फियाट किंवा मारुती ८०० चार माणसांनी ढकलली की कुरकुरत का होईना चालू व्हायची. इथे अख्खी सोसायटी धक्का द्यायला उतरली तरी इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही.

सल्ले देणाऱ्यांची मात्र कमतरता नसते. कुणी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावायला सांगतो, कुणी चावी दहादा फिरवायला, कुणी थेट ‘ईसीएम गेला’ म्हणून मोकळा होतो. यातलं खरं किती आणि ऐकीव किती हे तपासण्याजोगं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. इमोबिलायझरवर येणारे बरेचसे आळ खोटे असतात. दोष बहुधा त्याला मिळणाऱ्या विजेत, त्याला दाखवल्या जाणाऱ्या चावीत किंवा मधेच कुणीतरी जोडलेल्या वायरीत सापडतो. घरात दुसरी चावी असेल तर निम्मा तपास पार्किंगमध्येच संपतो आणि नसेल तर तोच तपास महागात जातो.

कल्पना बरीच जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेत सेंट जॉर्ज इव्हान्स आणि एडवर्ड बर्कनब्यूएल यांनी बटणांच्या एका पाटीचं पेटंट घेतलं होतं. बटणांची जुळणी बरोबर असेल तर इंजिनाला वीज, चुकली तर हॉर्न. पण घरोघरच्या गाडीत ही कल्पना उतरायला १९८६ उजाडलं. त्या वर्षीच्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने चावीच्या पात्यातच एक छोटा रेझिस्टर बसवला. रोधाच्या एकूण पंधरा किमती होत्या. चावीचे दाते हुबेहूब कापून आणले तरी रोध जुळला नाही तर स्टार्टर आणि इंधन दोन्ही बंद, आणि मग काही मिनिटं खरी चावी लावूनही उपयोग नाही. कॉर्व्हेटच्या चोऱ्या घटल्या. पण गाड्या जुन्या झाल्या तशी तक्रारीची दिशा बदलली. चावी लाखदा आत-बाहेर झाल्यावर रेझिस्टरला टेकणारे संपर्कबिंदू झिजायचे, स्टिअरिंग वर-खाली करून कुलपापासून निघणाऱ्या केसासारख्या बारीक वायरी तुटायच्या. चोर केव्हाच दुसऱ्या गाड्यांकडे वळले होते, अडकत होते ते मालक.

त्याच कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यावर आणलेली ‘पासलॉक’ ही यंत्रणा या विषयातलं सर्वांत बदनाम नाव. इथे चावी अगदी साधी असायची, ओळख पटवण्याचं काम कुलपाच्या आतला सेन्सर करायचा. कुलूप योग्य चावीने फिरलं की लोहचुंबक सेन्सरसमोरून जाई आणि एक ठरावीक विद्युत किंमत पुढे कळवली जाई. उष्णतेने, वयाने किंवा वायर सैल झाल्याने ती किंमत सरकली की गाडी सुरू होऊन क्षणात बंद पडायची आणि ‘सिक्युरिटी’ हा दिवा लुकलुकत राहायचा. यावरचा उपाय कंपनीच्याच पुस्तकातला आहे. चावी सुरू करण्याच्या स्थितीपर्यंत नेऊन सोडायची, ‘ऑन’वर ठेवायची आणि दिवा विझेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, हात लावायचा नाही. मग काही सेकंद बंद. हे सगळं लागोपाठ तीनदा केलं, म्हणजे अर्धा तास गेला, की गाडी नवी किंमत शिकते आणि सुरू होते. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने स्वस्तात शेवरलेची जुनी कॅव्हेलियर किंवा मालिबू घेतली असेल तर त्याला हा अर्धा तास ठाऊक असणं बरं. मात्र हा उपाय त्या गाड्यांपुरताच. इंटरनेटवर वाचून आपल्या स्विफ्टमध्ये किंवा आय-ट्वेंटीमध्ये चावी अर्धा तास ‘ऑन’ ठेवली तर काहीच शिकवलं जात नाही, फक्त बॅटरी उतरते.

आपल्याकडच्या गाड्या दुसऱ्या घराण्यातल्या. १९९०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत गाड्यांच्या चोऱ्या फार वाढल्या, विमा कंपन्यांनी कारखान्यांवर दबाव आणला आणि चावीच्या डोक्यात चिप बसवण्याची पद्धत रूढ झाली. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियाने २००१मध्ये, कॅनडाने २००७मध्ये तोच रस्ता धरला. अमेरिकेने सक्ती कधीच केली नाही, त्याचे परिणाम पुढे येतीलच. भारतात जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीला असलं काही नव्हतं. पुढे मारुतीने ‘आयकॅट्स’ या नावाने आपली यंत्रणा आणली, ह्युंदाईपासून टाटांपर्यंत सगळ्यांनी आपापली, आणि आज नव्या गाडीत ती आहे का हे कुणी विचारतही नाही.

यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात कळलं तर पुढचा तपास सोपा जातो. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात जेमतेम १२ मिलिमीटर लांबीची चिप असते, काचेच्या नळीतली किंवा काळ्या वडीसारखी. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. सुरुवातीच्या चिपा दर वेळी एकच ठरलेला क्रमांक सांगायच्या. नंतरच्या पिढीत गाडी चिपला एक नवाच आकडा देते, चिप तो आपल्या गुप्त किल्लीने गुंफून परत पाठवते आणि गाडी तोच हिशेब स्वतः करून पडताळून पाहते. हिशेब जुळला की इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, परवानगी मिळते. सगळा व्यवहार सेकंदाच्या आत उरकतो. म्हणजे साखळीत कड्या चार: चिप, तारेचं कडं, मधली वायरिंग आणि ईसीएम. चारही कड्यांना पुरेशी वीज हवी. यातली कुठलीही निसटली तरी गाडीचा निष्कर्ष एकच, चोर आला.

गाडी अडली की बघायचा तो मीटरवरचा छोटा दिवा. बऱ्याच गाड्यांत मोटारीच्या चित्रावर कुलूप किंवा किल्ली दिसते. होंडाच्या अनेक गाड्यांत हिरवी किल्ली असते, फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत किलोमीटरच्या आकड्यांच्या जागी ‘सेफ’ ही अक्षरं उमटतात. गाडी कुलूपबंद असताना हा दिवा संथपणे लुकलुकत असेल तर तो नुसता पहारा आहे, बिघाड नाही. त्याने बॅटरी उतरते ही समजूतही निराधार, एवढ्याशा एलईडीला लागते ती वीज नगण्य असते. इग्निशन चालू केल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला तर चावी ओळखली गेली. तो भराभर लुकलुकत राहिला किंवा विझायलाच तयार नसला तरच इमोबिलायझरवर संशय घ्यायचा. प्रत्येक कंपनीची खूण थोडी वेगळी असते, म्हणून डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं मालकाचं पुस्तक एकदा तरी उघडावं. आपल्याकडे ते गाडी विकतानाच बाहेर निघतं.

दिव्याच्या जोडीला कान लावायचे. सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ झालं आणि मीटरचे दिवे मंदावले तर ती बॅटरी किंवा गंजलेले टर्मिनल. दिवे प्रखर, सेल्फ जोरात फिरतोय, सुरक्षेचा दिवा नियमाप्रमाणे विझलाय आणि तरी इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोलचा पंप, फ्यूज, रिले, सेन्सर यांच्याकडे जायचं. इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं, पुन्हा तसंच होतं आणि दिवा लुकलुकतो, ही इमोबिलायझरची ओळखीची सही. काही गाड्या मुळात सेल्फच फिरू देत नाहीत, काही फिरू देतात पण इंधन देत नाहीत. त्यामुळे ‘सेल्फ फिरतोय म्हणजे इमोबिलायझर नाही’ हे गॅरेजमधलं विधान निम्म्या गाड्यांना लागू पडत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार इथे नेहमीचे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही अशा गाड्या आता सर्रास आहेत, आणि पायाखालची रबरी चटई पुढे सरकून क्लच अर्ध्यात अडला तरी गाडी मेल्यासारखी वागते. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ऐवजी ‘डी’मध्ये राहिलेला असतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक दाबावा लागतो, आणि ब्रेकपाशी असलेलं बटण खराब झालं की पाय कितीही दाबला तरी गाडीला कळत नाही. त्याची चाचणी सोपी, मागचे ब्रेकलाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगायचं. चावी मुळात फिरतच नसेल तर ते स्टिअरिंगचं यांत्रिक कुलूप आहे. चाक डावी-उजवीकडे हलवत चावी हलकेच फिरवली की सुटतं. फोर्ड आणि फियाटच्या जुन्या गाड्यांत अपघातात इंधन तोडणारा स्विच असे, तो एखाद्या खोल खड्ड्यातही उडायचा, आणि आपल्या रस्त्यांवर खड्डा आणि अपघात यांत फरक करणं त्या बिचाऱ्याला जमायचं नाही. बटण दाबलं की गाडी चालू. पावसात बोनेटपर्यंत पाण्यात बुडालेली गाडी मात्र वेगळं प्रकरण. तिथे इमोबिलायझरचा विचारच करू नये आणि सेल्फही मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका सेल्फमध्ये इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे सगळं वगळून संशय पक्का झाला तरी पहिली तपासणी बॅटरीचीच. आरामात असलेल्या चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली. सेल्फ मारताना दाब आणखी कोसळतो, आणि तो साडेनऊच्या खाली गेला की स्टार्टर कसाबसा फिरत राहतो पण इलेक्ट्रॉनिक डबे गोंधळतात. ईसीएम मधेच बंद होऊन पुन्हा जागा होतो, चावीशी चाललेला संवाद अर्धवट तुटतो आणि सुरक्षेचा दिवा लागतो. दिवा बघून मालक चावीवाल्याकडे धावतो, आणि हवी असते ती नवी बॅटरी. चार-पाच वर्षं झालेली बॅटरी, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार, बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या वायरीचा सैल नट, एवढं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू आहे. खाली शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असली तरी ती जागी करणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की गाडी ‘रेडी’ होत नाही.

बॅटरीची वायर काढून लावण्याचा सल्ला इथेच निकालात काढू. नोंदवलेल्या चाव्यांची माहिती वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते, त्यामुळे वायर काढून इमोबिलायझर काही विसरत नाही. एखादा डबा अडकून बसला असेल तर तो कधीकधी सुटतो, एवढाच फायदा. घड्याळ, काचांची सेटिंग आणि काही गाड्यांत स्टिरिओचा कोड जातो तो वेगळा.

मग चावी. दुसरी चावी आणून लावायची. तिने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीच्या चिपेत, आणि बाकी तीन कड्या निर्दोष. दुसरीनेही नाही झाली तर चाव्यांवरचा संशय संपला. हजारो रुपयांच्या स्कॅनरला जे शोधायला वेळ लागतो ते ही चाचणी फुकटात सांगते. पण ती करताना दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात नकोत. कड्याजवळ दोन चिपा आल्या की दोन्ही एकदम बोलतात आणि गाडीला एकही धड ऐकू येत नाही. मोटारसायकलची चिपवाली चावी, ऑफिसचं दाराचं कार्ड, धातूचं जाडजूड किचेन यांचाही असाच अडथळा होतो. गाडी अडली की चावी जुडग्यातून सुटी करून एकटी लावून बघणं हा उपाय वाटतो तेवढा भाबडा नाही.

‘रिमोटने दार उघडतंय, म्हणजे चावी चांगली आहे’ हा युक्तिवाद मी चांगल्या मेकॅनिकच्याही तोंडून ऐकला आहे, आणि तो चूक आहे. रिमोट आणि चिप एका डबीत राहतात पण बहुतेक साध्या चाव्यांत त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. रिमोट सेलवर चालतो आणि दाराशी बोलतो, चिप सेलशिवाय चालते आणि इंजिनाशी बोलते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, आणि चिप फुटली तरी दार उघडत राहतं. आपल्याकडे यातून एक खास देशी बिघाड जन्माला आला आहे. चावीचं कव्हर झिजलं, बटणाचं रबर फाटलं, की फुटपाथवरच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत नवं कव्हर मिळतं. दुकानदार पातं आणि सर्किट नव्या कव्हरात घालतो, जुनं कव्हर डब्यात टाकतो, आणि त्याच कव्हराच्या खोबणीत चिकटवलेली चिप डब्यात जाते. दार उघडतं, चावी फिरते, गाडी सुरू होत नाही. कव्हर बदलायचं असेल तर जुन्याचे दोन्ही तुकडे घरी आणावेत. आणि चावी फरशीवर आपटल्यानंतर किंवा कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुऊन निघाल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर काचेची नळी तडकली का ते आधी बघावं.

दोन्ही चाव्यांना गाडी ओळखत नसेल तर कुलपाभोवतीचं कडं आणि त्याची वायर. इग्निशनचं कुलूप किंवा स्टिअरिंगखालचं प्लास्टिक नुकतंच कुणी उघडलं होतं का, हे आठवून बघावं. कनेक्टर नीट न बसणं हे कडं जळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. आणि उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी बोनेटखाली आलेला उंदीर वायरिंग कुरतडतो तेव्हा तो कुठल्या सर्किटची वायर आहे हे बघत नाही. ईसीएमकडे जाणारी एखादी वायर तुटली की अख्खं संभाषण थांबतं आणि मीटरवर चोरापासून एअरबॅगपर्यंतचे सगळे दिवे एकदम लागतात. असे अनेक दिवे एकाच वेळी लागले तर चावीकडे बघत बसू नये, फ्यूज आणि वायरिंगकडे वळावं.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत प्रश्नाचं रूप थोडं बदलतं. तिथे गाडी कमी वारंवारतेचा संदेश सोडून खिशातल्या फॉबला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चावीला, जागं करते आणि फॉब रेडिओने उत्तर देतो. या उत्तराला सेल लागतो. सेल क्षीण झाला, फॉब मोबाइलला चिकटून एका खिशात राहिला, वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवला गेला किंवा सिगारेट लायटरच्या जागी लावलेला हलका चार्जर रेडिओचा गोंगाट करत असला, की ‘चावी सापडत नाही’ असा संदेश येतो. कारखान्यांनी याची सोय करून ठेवलेली असते आणि ती बहुतेक मालकांना माहीत नसते. फॉबच्या पोटात दारासाठी लोखंडी चावी असते, आणि सेलशिवाय चालणारी चिपही असतेच. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत फॉबनेच स्टार्टचं बटण दाबायचं. टोयोटात फॉबची बोधचिन्हाची बाजू बटणाला टेकवायची. काहींत स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, काहींत कप ठेवायच्या खळग्यात फॉबची जागा ठरलेली असते. बहुतेक फॉबमध्ये नाण्याएवढा सीआर २०३२ सेल लागतो, घड्याळाच्या दुकानात तो सहज मिळतो. एवढ्यासाठी टोइंगची गाडी बोलावणारे लोक आहेत.

आता बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे येऊ, कारण माझ्या मते खरे गुन्हेगार जास्त करून इथेच लपलेले असतात. सेंट्रल लॉकिंग आणि अलार्मचे संच, चोरी रोखायला लावलेला जीपीएस, रिमोट स्टार्ट, बाजारातून बसवलेलं सीएनजी किट. यांतल्या बहुतेकांसाठी इग्निशनची किंवा पेट्रोल पंपाची वायर कापून मधे रिले घातलेला असतो. जोड सोल्डर न करता नुसता पिळून टेप गुंडाळलेला. दोन उन्हाळ्यांत टेप सुटतो, दोन पावसाळ्यांत तांबं हिरवं पडतं. अशा वेळी कंपनीचा दिवा अगदी सरळ वागतो, कारण कंपनीच्या यंत्रणेला काही झालेलंच नसतं, आणि स्कॅनरवरही काही दिसत नाही. सेकंडहँड गाडीत तर आधीच्या मालकाने काय काय लावलं होतं हेच ठाऊक नसतं. हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक वायर मागे मागे शोधत जाणारा जुना वायरमन जास्त चांगलं करतो. अमेरिकेत याच जातीच्या डब्याचा एक निराळा वापर आहे. पत कमी असलेल्या ग्राहकाला कर्ज देताना सावकार कंपन्या गाडीत स्टार्टर तोडणारं यंत्र बसवून घेतात, आणि हप्ता थकला की गाडी दुरूनच ठप्प करतात. तिथे बिघाड शोधून काही उपयोग नसतो.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचं? स्कॅनर लावला का, आणि कोड कोणता आला, हे दोन प्रश्न पुरतात. भारतात २०१३पासूनच्या गाड्यांना ओबीडी-दोन ही तपासणीची सोय आहे. पी०५१३ म्हणजे चुकीची चावी, पी०६३३ म्हणजे ईसीएममध्ये चावीची नोंद नाही. असा कोड आला तर बोलणं चावीभोवती फिरायला हवं, आणि कोड न दाखवता कुणी ईसीएम बदलायला सांगत असेल तर गाडी दुसरीकडे न्यावी. ईसीएम खरोखर जळलेले मी फार थोडे पाहिले आहेत, उलटसुलट लावलेल्या जम्पर केबलने जळालेले त्यांत जास्त. शिवाय कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना ईसीएम स्वस्तात आणला तरी तो आपल्या जुन्या गाडीच्या चाव्यांशी बांधलेला असतो. जोडी जुळवून घेतल्याशिवाय तो नव्या घरात एक दिवस नांदत नाही. इमोबिलायझर सॉफ्टवेअरमधून कायमचा काढून देणारेही भेटतात. तसं करून घेऊ नये. गाडी सुरू होईल, पण मग ती कुठल्याही चावीने सुरू होईल, आणि उद्या चोरी झाली तर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळेल.

विम्याचा विषय निघालाच आहे तर चाव्यांचा हिशेब सांगायला हवा. मान्यताप्राप्त चोरीरोधक उपकरणासाठी आपल्या मोटार विम्यात गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये, सूट ठरलेली आहे. मामुली रक्कम. पण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी सहसा दोन्ही चाव्या मागते, आणि एकच पुढे केली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. एक चावी हरवली की तेव्हाच पोलिसांत नोंद करून दुसरी बनवून घेणं म्हणूनच शहाणपणाचं. एक चावी हातात असताना दुसरी नोंदवणं तुलनेने सोपं असतं. फोर्डच्या कित्येक गाड्यांत दोन चालू चाव्या असल्या तर तिसरी मालकाला स्वतःच नोंदवता येते. दोन्ही हरवल्या तर मात्र गुप्त कोड, मालकीची कागदपत्रं, टोइंग आणि कंपनीच्या उत्तराची वाट. चाव्यांबरोबर मिळालेला क्रमांकाचा छोटा बिल्ला तेव्हा कामी येतो, तो गाडीच्या खणात नव्हे, घरी कागदपत्रांत ठेवावा. १९९०च्या दशकातल्या फियाटने याचं टोक गाठलं होतं. त्या गाड्यांसोबत एक लाल चावी यायची, ती फक्त नव्या चाव्या नोंदवायला. ती हरवली तर ईसीएमच बदलण्याची पाळी यायची. त्याच फियाटने पुंतो आणि ब्रावोसारख्या गाड्यांत एक सुरेख पळवाटही ठेवली होती. चिप निकामी झाली तर कार्डावर छापलेला पाच आकड्यांचा कोड ॲक्सिलरेटर दाबून, इंजिनाच्या दिव्याच्या लुकलुकी मोजून, गाडीला कळवता यायचा. आजच्या गाड्यांत इतकी माणुसकी नाही.

एवढा जाच सोसून पदरात पडतं काय? बरंच पडतं. यान व्हान ऊर्स आणि बेन व्होलार्ड या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या आकड्यांवरून दाखवलं की १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे तिथल्या गाडीचोरीचं प्रमाण सरासरी ४० टक्क्यांनी खाली आलं. उलटा प्रयोग अमेरिकेत घडला. सक्ती नसल्याने ह्युंदाई आणि किआने २०११ ते २०२१ दरम्यानच्या कितीतरी गाड्या तिथे इमोबिलायझरशिवाय विकल्या. त्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ २०२२मध्ये टिकटॉकवर पसरले, अनेक शहरांत चोऱ्यांचा पूर आला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. या दुरुस्तीतून आमच्या विषयात भरच पडली. दार रिमोटने बंद केलं की इग्निशन अडवलं जातं आणि ते रिमोटनेच उघडावं लागतं. रिमोटचा सेल संपला म्हणून लोखंडी चावीने दार उघडून आत बसलेल्या मालकाची गाडी खरी चावी लावूनही सुरू होत नाही.

तज्ज्ञ चोरांपुढे मात्र चिपा अभेद्य राहिल्या नाहीत. २००५मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपेचं ४० बिटांचं गुपित फोडलं. राडबाउड आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांतल्या तिघांनी मेगामोस चिपेतल्या त्रुटी उघड केल्या तेव्हा फोक्सवॅगनने २०१३मध्ये ब्रिटिश न्यायालयातून निबंध छापण्यालाच मनाई आणली. तो निबंध २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. खिशातल्या फॉबचा संदेश लांबवून गाडी फसवण्याची युक्ती झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर करून दाखवली होती, पुढे चोरांनी तीच उचलली.

त्यावरचा बंदोबस्त म्हणून आता फॉबलाच झोपवण्याची सोय आली आहे. फोर्डने २०१९मध्ये युरोपातल्या फिएस्टा आणि फोकसच्या फॉबमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर घातला. चावी काही वेळ स्थिर राहिली की तिचा रेडिओ बंद होतो आणि उचलली की पुन्हा जागा होतो. टोयोटाच्या अनेक फॉबमध्ये कुलूप लावण्याचं बटण दाबून धरून उघडण्याचं बटण दोनदा दाबलं की फॉब मुद्दाम झोपवता येतो, आणि कुठलंही बटण दाबून उठवता येतो. तेव्हा ‘चावी सापडत नाही’ असं गाडी म्हणाली तर सेल बदलायला निघण्याआधी चावी एकदा हलवून, बटण दाबून बघायची.